अक्काचे आदर्श खुराडे

अक्का, ऊर्फ अंडीवाल्या अक्का, ऊर्फ खात्याच्या कागदोपत्री ‘आदर्श केंद्र, अंडी विभाग’. जन्म: नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला त्या वर्षी. मृत्यू: नव्या पुलाचे उद्घाटन तिसऱ्यांदा लांबणीवर पडले त्या हिवाळ्यात, राहत्या घरी, झोपेत. मागे एक मुलगी, एक जाऊ, एक धाकटा भाऊ आणि शेडभर कोंबड्या असा परिवार. कोंबड्यांचा उल्लेख परिवारात करावा की मालमत्तेत, याबाबत भाचीचे आणि माझे एकमत झाले नाही. अक्काला विचारता आले असते तर तिने त्यांना मुलीच्याही आधी घातले असते. म्हणून मधला मार्ग काढून त्यांना परिवारातच, पण सर्वांत शेवटी ठेवले आहे.

अक्का माझी थोरली बहीण. नीटनेटकेपणा तिच्यात उपजत होता. घरी पाहुणे आले की आम्ही इतर भावंडे त्यांच्या पिशव्यांकडे पाहत असू. अक्का मात्र दाराशी जाऊन त्यांच्या चपला जोडीने लावून ठेवी, आणि निघताना कोणी त्या विस्कटल्या तर तिला मनापासून राग येई. अशा मुलीचे लग्न वीज कंपनीत मीटर तपासणाऱ्या एका अत्यंत अघळपघळ गृहस्थाशी झाले, आणि संसार सुखाचा झाला. भावोजी पसरत असत, अक्का आवरत असे. दोघांनाही आयुष्यभर पुरेल एवढे काम परस्परांनी पुरवले.

घराचे दोन भाग होते. एका भागात अक्का आणि भावोजी, दुसऱ्यात भावोजींचे धाकटे बंधू आणि त्यांची पत्नी. या धाकट्या जावेला अक्का ‘धाकटी’ म्हणे आणि पुढे सर्वच तिला त्या नावाने ओळखू लागले. मागचे अंगण सामाईक होते. निवृत्तीनंतर भावोजींनी अंगणाच्या एका बाजूला कोंबड्यांची शेड बांधायला घेतली. पत्रे चढले, दोन बाजूंना जाळी लागली, दार बसले. आणि कोंबड्या यायच्या आत भावोजीच अचानक गेले. पुढच्याच आठवड्यात व्यापाऱ्याचा टेम्पो दारात उभा राहिला. आत तलंगा होत्या, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोवळ्या कोंबड्या. त्या तशाच परत पाठवाव्यात असे सर्वांचे मत पडले. अक्काने तोवर जन्मात कोंबडीला हात लावला नव्हता. तिला त्या वासाचीही किळस होती. पण ती म्हणाली, ‘त्यांनी मागवल्यात. परत पाठवल्या तर त्यांचा पसारा अर्धवट राहील.’ आणि तिने तो आवरायला घेतला.

पहिल्याच हिवाळ्यात एक दुर्घटना घडली. अक्काच्या दोन्ही हातांत खाद्याच्या बादल्या होत्या, म्हणून तिने दार पायाने ढकलले. दार धाडकन उघडले, कोंबड्या बिथरल्या आणि सगळ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर जाऊन पडल्या. ढीग उपसेपर्यंत तळाच्या कोंबड्या गुदमरून मेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने दाराशी उभे राहून बादलीच्या कडीने दोनदा टकटक केली, क्षणभर थांबली, ‘आले गं’ म्हणाली आणि मग दार उघडले. त्यानंतर वर्षानुवर्षे हाच क्रम राहिला. तोच राखाडी कोट, तीच बादली, त्याच दोन टकटकी. कोंबड्यांना ती सवय इतकी लागली की टकटक झाली की त्या उतावीळपणे दाराकडे माना वळवीत, आणि अक्का आत येताच पुन्हा भुसा उकरू लागत.

‘काय हो जाऊबाई,’ धाकटी आपल्या खिडकीतून विचारी, ‘आतून ‘या’ म्हणतात का?’

‘तुझ्यापेक्षा लवकर म्हणतात.’

‘सासरी आल्यापासून माझ्या खोलीचं दार कधी वाजवलं नाहीत ते!’

‘तुझ्या खोलीत घाबरणारं कोणी असेल असं वाटलं नाही कधी. मलाच आत येताना भीती वाटायची.’

धाकटीकडेही कोंबड्या होत्या, परंतु त्यांना पाळलेल्या म्हणणे म्हणजे पाळणे या क्रियेचा अवमान ठरेल. डझनभर कोंबड्या जिन्याखाली झोपत, पाटावरून, पलंगावरून, धुणे वाळत घातलेल्या दोरीखालून हिंडत. अंडी कोठे सापडतील याचा नेम नसे: घडी घातलेल्या चादरीत, कुंडीत, एकदा तर नवऱ्याच्या हेल्मेटात. खिडकीच्या कठड्यावर एक रेडिओ असे आणि तो उजाडल्यापासून मावळेपर्यंत, स्टेशन नीट लागलेले नसतानाही, खरखरत असे. या गोंगाटात धाकटीच्या कोंबड्या डुलक्या काढीत. अक्काला हे पाहवत नसे. तिच्या दृष्टीने तो रेडिओ हा कोंबड्यांवरचा अन्याय होता, आणि त्याहून मोठा अन्याय हा की त्या अंडी व्यवस्थित देत.

याच सुमारास कोंबडीलाही मन असते ही गोष्ट शासनाच्या ध्यानात आली. धोरण जाहीर झाले. कोंबडीला पंख पसरण्यापुरती जागा, कोरडी जमीन, बसायला दांडी, अंडे घालायला आडोसा आणि भीतीपासून मुक्ती मिळावी, असा त्याचा सारांश होता. धोरण चांगले होते; हे वाक्य मी उपरोधाने लिहिलेले नाही. तोवर बाजारात येणाऱ्या कित्येक अंड्यांच्या आयांनी जन्मात एकदाही पंख पसरला नव्हता, कारण पिंजऱ्यात तेवढी रुंदीच नव्हती. धोरणाची अंमलबजावणी पशुकल्याण व अन्नमानक खात्याकडे आली, आणि खात्याने आमच्या भागासाठी एक निरीक्षक नेमला.

निरीक्षक उंच, किडकिडीत आणि भला माणूस होता. त्याला मत्स्य विभाग हवा होता. तेथील जागा भरलेली असल्यामुळे त्याला कोंबड्यांकडे पाठवण्यात आले होते, आणि त्याला पिसांची अॅलर्जी होती. ही बाब त्याने लेखी कळवली, तेव्हा वैद्यकीय कारणांच्या यादीत पिसे नाहीत असे त्याला सांगण्यात आले.

पहिल्या तपासणीला तो आला तो सरळ दार उघडून आतच शिरला. मोजपट्टी काढून म्हणाला, ‘अक्का, दांड्यांची उंची...’ आणि त्याला शिंक आली. शेडभर फडफड झाली.

‘बाहेर जाऊन शिंका,’ अक्का म्हणाली.

‘शिंक काय सांगून येते होय?’

‘ती नसेल येत. तुम्ही तरी सांगून यायचं. दार न वाजवता घुसलात, त्या आधीच बिथरल्यात.’

निरीक्षक निमूटपणे बाहेर गेला. अक्काने सांगितल्याप्रमाणे त्याने बादलीच्या कडीने दोनदा टकटक केली, थांबला आणि आत आला. कोंबड्यांनी माना वळवून पाहिले आणि पुन्हा आपापल्या कामाला लागल्या. निरीक्षकाने रुमाल नाकावर दाबून ठेवला आणि दुसऱ्या हाताने वहीत ही पद्धत लिहून घेतली. पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ त्या ओळीत आहे. परंतु त्याने ती कौतुकाने लिहिली होती, हेही नमूद केले पाहिजे.

तपासणीत एकही उणीव निघाली नाही. भुसा कोरडा, पाणी स्वच्छ, अंडी घालायच्या खोक्यांवर अंधारासाठी जुन्या परकरांचे पडदे. निरीक्षक म्हणाला, ‘अक्का, तुमची शिफारस मी आदर्श केंद्र म्हणून करतो. पण संमती लागेल. सक्ती नाही. कधीमधी कोणी पाहायला येतील, एवढंच.’

‘पाटी देतात का?’

‘देतात की. पितळी. दर्शनी भागावर लावायची.’

‘माझ्या शेडचा दर्शनी भाग,’ अक्का म्हणाली, ‘धाकटीच्या खिडकीसमोर आहे,’ आणि तिने सही केली.

पाटी लागली त्या सकाळी धाकटीने खिडकी उघडून बराच वेळ तिच्याकडे पाहिले. ‘जाऊबाई, फार चकचकीत आहे हो. माझ्या डोळ्यांवर तिरीप येते.’

‘येऊ दे. डोळे उघडतील.’

‘केस विंचरायला मात्र बरी आहे,’ धाकटी म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती रोज सकाळी अंगणात येऊन शासनाच्या गौरवचिन्हात पाहून वेणी घालू लागली.

पुढे खात्याची मार्गदर्शक पुस्तिका निघाली. तीत सर्व केंद्रांसाठी एक मानक होते: पक्षीगृहात प्रवेश करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने दारावर दोनदा ठोठावावे, क्षणभर थांबावे आणि मगच आत जावे. अक्काने ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले, आणि खिडकी उघडी आहे ना याची खात्री करून पुन्हा एकदा वाचून घेतले. एका साध्या बाईच्या सवयीचे शासकीय मानक व्हावे, याचा मलाही अभिमान वाटला होता.

मग पहिली बस आली. खात्यात नव्याने भरती झालेले प्रशिक्षणार्थी होते. सर्वांना पांढरे कोट, पांढऱ्या टोप्या आणि बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या दिल्या होत्या. रोगजंतू आत जाऊ नयेत यासाठी ही व्यवस्था होती, आणि ती योग्यच होती. फक्त कोंबड्यांनी तोवर, एक निरीक्षक सोडला तर, राखाडीशिवाय कोणत्याही रंगाचा माणूस पाहिलेला नव्हता. प्रशिक्षकाने सर्वांना दाराबाहेर रांगेत उभे केले. पहिल्याने दोनदा ठोठावले, थांबला, आत गेला. कोंबड्यांनी माना वळवल्या. दुसऱ्याने दोनदा ठोठावले, थांबला, आत गेला. कोंबड्या उठून उभ्या राहिल्या. तिसऱ्याने ठोठावले.

‘अहो, एकदा वाजवलं की झालं!’ अक्का धावली. ‘आत जाताय ना सगळे एकत्रच?’

‘बाई, प्रत्येकाची स्वतंत्र नोंद आहे,’ प्रशिक्षक म्हणाला. ‘एकानं जरी नाही ठोठावलं तरी त्याचे गुण कापले जातात.’

‘पण ही पद्धत माझी आहे!’

‘होती. आता ती शासनाची आहे.’

रांग मोठी होती. ठोठावणे बराच वेळ चालले होते. अर्धी रांग आत जाईपर्यंत कोंबड्या कोपऱ्यात जमल्या होत्या, आणि प्रशिक्षणार्थी त्या ढिगाभोवती अर्धवर्तुळ करून, भीतीपासून मुक्ती या विषयावर टिपणे घेत होते.

कधीमधी हा शब्द खात्यात कोणत्या अर्थाने वापरतात ते पुढे कळले. दर आठवड्याला कोणी ना कोणी येई. शाळा आल्या, शेजारच्या जिल्ह्यातली शिष्टमंडळे आली, कोंबडी कधीच न पाहिलेले अर्थतज्ज्ञ आले. खात्याचे एक वरिष्ठ अधिकारी आले, त्यांना कोंबडी हातात घेऊन छायाचित्र हवे होते. अक्का नको नको म्हणत असताना त्यांनी नेमकी खुडूक बसलेली, म्हणजे अंड्यांवर ठाण मांडलेली कोंबडी उचलली. ती त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावली. ते छायाचित्र वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापून आले. त्यात अधिकाऱ्यांचे तोंड उघडे दिसते, आणि खाली ‘मुक्तपणे हसणारे अधिकारी व भयमुक्त पक्षी’ असे लिहिलेले आहे.

अंडी घटली. जी मिळत त्यांची कवचे कागदासारखी पातळ असत. कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागल्या. एका भेटीनंतर कोपऱ्यातल्या ढिगाखाली पुन्हा दोन मेलेल्या निघाल्या. खात्याने या घसरणीची गंभीर दखल घेतली आणि कारणांचा शोध घेण्यासाठी अभ्यासगट नेमला. अभ्यासगट सहा जणांचा होता. सर्वांनी नियमाप्रमाणे ठोठावले.

पण अक्काला खरा धक्का बसला तो निराळ्याच दिवशी, आणि त्या दिवशी बाहेरचे कोणीही आलेले नव्हते. सकाळी ती नेहमीप्रमाणे राखाडी कोट घालून, बादली घेऊन शेडच्या दाराशी गेली. कडीने दोनदा टकटक केली. आतून माना वळल्याचा शांत आवाज यायचा, त्याऐवजी पंखांचा एकच कल्लोळ उठला. दार उघडून पाहते तो सगळ्या कोंबड्या कोपऱ्यात, एकमेकींवर. ज्या टकटकीमुळे त्या वर्षानुवर्षे निर्धास्त होत्या, तिलाच आता त्या घाबरत होत्या. आपल्या आणि पांढऱ्या कोटांच्या टकटकीत कोंबड्यांना फरक करता येत नाही, हे अक्काला त्या क्षणी कळले. तिने हातांनी ढीग मोकळा केला, बादली खाली ठेवली आणि घरी येऊन बसली. मी दुपारी गेलो तेव्हा ती चहासुद्धा न घेता बसली होती.

‘मला पाटी नको,’ ती म्हणाली. ‘पाटी काढायला सांग त्यांना. माझ्या कोंबड्या मला परत पाहिजेत.’

अर्ज मीच लिहून दिला. आदर्श केंद्र हा दर्जा आपणहून परत करू इच्छितो, कृपया मान्यता मिळावी, एवढाच मजकूर. पोच आली. उत्तर आले नाही. काही महिन्यांनी निरीक्षक स्वतः आला. त्याने कोंबड्यांच्या शेडमध्ये न जाता मागच्या पायरीवर बसून चहा घेतला, कारण त्याचे डोळे कुंपणापासूनच पाणावू लागले होते.

‘अक्का, अडचण अशी आहे,’ तो म्हणाला, ‘की दर्जा मिळवण्याचा फॉर्म आहे, परत करण्याचा नाही. आजवर कोणी परत मागितलाच नाही हो.’

‘मग मी मेल्याशिवाय पाटी निघणार नाही?’

‘मेल्यावरही वारसांना लागू राहते. एकच वाट आहे. तुमच्याकडे एखादी त्रुटी निघाली पाहिजे. वार्षिक समिती येणार आहे. तिच्यासमोर एक, एकच त्रुटी दिसली, की मी शिफारस मागे घेतो.’

‘त्रुटी? माझ्याकडे?’

‘छोटीशी. समजा, भुसा थोडा ओला...’

‘आणि पाय सडू देत त्यांचे?’

‘बरं, पाण्याची भांडी एक दिवस घासू नका.’

‘शी!’

‘अंड्यांना जराशी घाण...’

‘साहेब, तुम्ही माझ्या घरी बसून माझ्या कपातला चहा पिताय, म्हणून बोलत नाही.’

वरच्या खिडकीतून धाकटीचा आवाज आला. ‘मी सुचवू का एखादी?’

‘तू गप्प बस. तुझ्याकडे साठाच आहे त्यांचा.’

‘म्हणून तर म्हणते, उसनी देते हवी तर. घासाघीस करणार नाही.’

निरीक्षकाने कप खाली ठेवला. अक्काने समोरच्या पाटीकडे पाहिले. मग जी गोष्ट तिने मलाही सांगितली नव्हती ती हळू आवाजात बोलली. एखाद्या चोरीची कबुली द्यावी तशा खालच्या स्वरात.

‘एक आहे. मी हल्ली दार वाजवत नाही.’

निरीक्षक ताठ बसला. ‘काय म्हणालात?’

‘टकटक केली की घाबरतात. म्हणून बादली बाहेर ठेवते, नुसतं बोलत बोलत जाते आत. हळूच.’

‘अक्का, हे गंभीर आहे!’ निरीक्षकाचा चेहरा आनंदाने उजळला. ‘मुख्य मानकाचा भंग! तो लपवून ठेवलात तुम्ही!’

समितीच्या दिवशी मी हजर होतो. अध्यक्ष नवीन होते, खरोखर अभ्यासू होते, आणि हीच चिंतेची बाब होती. अक्का पुढे झाली. तिने हात वर केला नाही, कडी हलवली नाही. ‘आले गं, आले, मीच आहे,’ असे पुटपुटत तिने दार हातभर उघडले आणि आत सरकली. एकही कोंबडी हलली नाही. एक दोघी तिच्या पायाशी आल्या.

‘यांनी ठोठावलं नाही,’ अध्यक्ष म्हणाले.

‘नाही, साहेब,’ निरीक्षक तत्परतेने म्हणाला. ‘मी स्वतः पाहिलं. चक्क नाही ठोठावलं.’

‘पण पक्षी तर शांत आहेत.’ अध्यक्ष जाळीतून निरखून पाहू लागले. ‘विलक्षण शांत आहेत. ही काही वेगळी, सुधारित पद्धत असू शकेल. हिचा अभ्यास व्हायला हवा. इथेच काही महिने निरीक्षण...’

अक्काने मागे वळून पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी त्यापूर्वी एकदाच, भावोजींना दवाखान्यात नेताना पाहिला होता. बसभर माणसे, पुन्हा एकदा. या वेळी सगळी ‘आले गं, आले’ म्हणत आत येणार होती.

तेवढ्यात निरीक्षक शिंकला. अशी शिंक मी आजवर ऐकलेली नाही. पत्रे दणाणले. कोंबड्या उसळल्या, पिसे उडाली, पाण्याचे एक भांडे उलटे झाले, आणि समिती दोन पावले मागे सरली.

‘पाहा, साहेब,’ निरीक्षक डोळे पुशीत म्हणाला, ‘न ठोठावल्याचा परिणाम.’

अध्यक्षांनी चष्म्यावरचे पीस काढले. ‘खरं आहे,’ ते म्हणाले, ‘मानकं उगाच केलेली नसतात,’ आणि त्यांनी दर्जा काढून घेण्याच्या कागदावर तेथेच सही केली. पक्षीगृहात ठोठावण्याची पद्धत जिने सुरू केली तिचा दर्जा न ठोठावल्याबद्दल गेला. कागदपत्रांत हे सर्व यथास्थित नोंदलेले आहे. ती शिंक आपोआप आली असे निरीक्षक आजही सांगतो. त्याने वाकून जमिनीवरचे पीस उचलून नाकाशी नेले, हे आपण डोळ्यांनी पाहिले, असे अक्का शेवटपर्यंत सांगत असे. मी जाळीच्या दुसऱ्या बाजूला असल्यामुळे मत देऊ शकत नाही.

आदर्श केंद्र मात्र भागात एक तरी हवेच होते. निरीक्षकाच्या यादीवरील बाकीच्यांनी अक्काची गत ऐकून संमती नाकारली होती. फक्त एका व्यक्तीने, केवळ जावेला चिडवण्यासाठी, आपल्या डझनभर कोंबड्यांची नोंदणी करून ठेवली होती.

नवी पाटी धाकटीच्या भिंतीवर लागली. त्या रात्री अक्का गाढ झोपली. दुसऱ्या सकाळी चहा करताना तिला आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती पाटी दिसली, आणि कप हातात तसाच राहिला. ‘तिरपी लावलीय,’ ती म्हणाली. दिवसभर तिने तिकडे न पाहण्याचा प्रयत्न केला. संध्याकाळी हातोडी घेऊन गेली आणि जावेची पाटी स्वतः सरळ करून आली.

‘पोटात दुखतंय का जाऊबाई?’ धाकटीने विचारले.

‘पाटी वाकडी होती. पोटाचा काय संबंध?’

‘ठेवा, ठेवा हवी तर एक दिवस तुमच्याकडे. मी केस विंचरायला येईन.’

बस आता धाकटीकडे जाऊ लागल्या. पांढरे कोट जिन्याखाली वाकून पाहत, प्रत्येक जण रीतसर ठोठावी, आणि जन्मापासून रेडिओच्या खरखरीत वाढलेल्या त्या कोंबड्या डुलक्या काढीत. एका प्रशिक्षणार्थीच्या टोपीत तर एकीने अंडे घातले. खात्याने याची नोंद घेतली नसती तरच नवल. सुधारित पुस्तिकेत नवे मानक आले: प्रत्येक पक्षीगृहात रेडिओ असावा.

अक्काने नियम मोडला नाही. तिने भावोजींचा जुना, बंद पडलेला रेडिओ माळ्यावरून काढला, पुसला आणि शेडमध्ये फळीवर ठेवला. एक कोंबडी त्यावर खुडूक बसू लागली. निरीक्षक तपासणीला येई, कुंपणाबाहेरून दुर्बीण लावी आणि ‘रेडिओ आहे’ असे लिहून परत जाई. अक्काच्या कोंबड्यांची पिसे पुन्हा आली. अंडी पहिल्यासारखी जड झाली. दार मात्र तिने पुन्हा कधी वाजवले नाही. त्याबद्दल तिच्यावर दरवर्षी एक ताशेरा येई, आणि तो वाचून झाल्यावर तिला बरे वाटे, असे माझे निरीक्षण आहे.

आता तिच्यामागे जे मिटले आणि जे राहिले ते लिहून हा लेख संपवतो.

कोंबड्या विकाव्यात असे भाचीचे मत होते. ते धाकटीने मानले नाही. ‘माझ्या जावेचा पसारा आहे,’ ती म्हणाली, ‘बाहेरच्यानं हात लावायचा नाही.’ तिने कोंबड्या आपल्या भागात नेल्या नाहीत, कारण तेथे बस येतात. ती दोन्ही वेळा अंगण ओलांडून शेडमध्ये जाते. जाताना खिडकीतला रेडिओ बंद करते, अक्काचा राखाडी कोट चढवते आणि अक्काच्याच आवाजात ‘आले गं, आले’ म्हणते. पहिले काही दिवस कोंबड्या फसल्या नाहीत. नंतर त्यांनी समजून घेतले असावे.

निरीक्षकाला शेवटी मत्स्य विभाग मिळाला. कोंबड्यांच्या कामावर असेतो त्याने अक्काकडून एकही अंडे घेतले नव्हते. बदली झाल्यावर त्याला टोपलीभर द्यायची असे तिने ठरवले होते, आणि ते राहून गेले. ती टोपली धाकटीने पोहोचवली. तो दारातच शिंकला, असे ती सांगते; पण डोळे त्याआधीच भरले होते, असेही सांगते.

अक्काच्या अर्जाचे उत्तर तिच्या निधनानंतर आले. आदर्श केंद्राचा दर्जा आपणहून परत करण्याची तिची विनंती खात्याने सहानुभूतीपूर्वक विचारात घेऊन मान्य केली आहे. मात्र पितळी फलक ही शासकीय मालमत्ता असून, तो मूळ स्थितीत परत करावा, अशी अट आहे. दर्जा गेला तेव्हा ती पाटी न्यायला कोणी आले नव्हते. अक्काने ती काढून, पालथी करून, तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि म्हाताऱ्या कोंबड्यांना दांडीवर चढता यावे म्हणून शेडमध्ये उतरण केली होती. तीवरून रोज कोंबड्या चढतात आणि उतरतात, आणि मूळ स्थिती आता कोणत्या थराखाली आहे हे सांगणे अवघड आहे. फलक वापरात आहे, असे मी खात्याला सभ्य शब्दांत कळवले. खात्याची स्मरणपत्रे येत असतात. ती घेऊन येणाऱ्या पोस्टमनला धाकटीने बजावून ठेवले आहे की दार वाजवायचे नाही, फाटकाबाहेरून हाक मारायची, आणि तीही हळू.